वेधन-अपशिष्टे व सागरी लघुप्राणी

समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शोधासाठी किंवा उत्पादनासाठी विहिरी खणताना जे टाकाऊ पदार्थ निर्माण होतात, त्यांना वेधन-अपशिष्टे म्हणतात. वापरून झालेला वेधन-पंक (विहीर खणताना तीत खेळविला जाणारा चिखलासारखा दाट द्रव) आणि खडकाचा चुरा हे त्यांचे दोन मुख्य प्रकार होत. विहीर उत्पादन देऊ लागल्यावर तेलाबरोबर वर येणारे क्षारयुक्त पाणी हेही एक महत्त्वाचे अपशिष्ट आहे; परंतु त्याचे घटक व परिणाम वेगळे असल्याने त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही. वेधन-अपशिष्टांचा पहिला आघात मोठ्या माशांवर न होता पाण्यात तरंगणाऱ्या व तळावरील गाळात राहणाऱ्या लहान प्राण्यांवर होतो. मोठे मासे दूषित पाण्यापासून दूर जाऊ शकतात. लघुप्राण्यांना बहुधा ते शक्य नसते. हे प्राणी माशांचे व कोळंबीचे अन्न असल्यामुळे आणि पुष्कळ खाद्योपयोगी प्राण्यांचे डिंभही (भ्रूणानंतरच्या, स्वतंत्रपणे जगणाऱ्या व प्रौढाहून भिन्न दिसणाऱ्या अवस्थाही) याच समूहात मोडत असल्यामुळे त्यांच्या हानीचा प्रश्न मत्स्यव्यवसायाशी निगडित आहे. [⟶ खनिज तेल, जलप्रदूषण].

वेधन-पंक व त्याचे घटक : विहीर खणताना पोकळ नळांच्या मालिकेतून पंक दाबाखाली खाली सोडतात. तो टोकाशी असलेल्या बिटाच्या (खडक फोडणाऱ्या अवजाराच्या) छिद्रांतून बाहेर पडतो आणि नळ व विहिरीची भिंत यांमधील पोकळीतून वर येतो. बिट थंड ठेवणे, घर्षण कमी करणे, खडकाचा चुरा वर आणणे, विहिरीची भिंत ढासळू न देणे आणि खडकातील तेल व वायू यांच्या दाबाला आपल्या वजनाने तोलून धरणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. वर आलेला पंक कंपन पावणाऱ्या चाळण्यांतून व अपकेंद्री यंत्रांतून नेऊन चुऱ्यापासून वेगळा करतात व पुन्हा वापरतात. चुऱ्याच्या कणांना चिकटलेला पंक मात्र पूर्णपणे वेगळा होत नाही. एका विहिरीतून निघणारा चुरा शेकडो टन आणि काही वेळा हजार टनांहूनही अधिक असतो. विहिरीचा सर्वांत वरचा, रुंद भाग पुष्कळदा मंचापर्यंत नळ जोडण्यापूर्वीच खणतात. त्यामुळे त्या भागातील चुरा सरळ समुद्रतळावरच साचतो.

ज्या द्रवात घटक मिसळलेले असतात त्यावरून पंकाचे तीन प्रकार पडतात. (१) जलाधारित पंक : यात गोडे किंवा समुद्राचे पाणी हा आधार असून त्यात बराइट (बेरियम सल्फेट), बेंटोनाइट ही फुगणारी माती, लिग्नोसल्फोनेटे, लिग्नाइट, दाहक सोडा, पोटॅशियम क्लोराइड, बहुवारिके (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेले प्रचंड रेणू असलेली संयुगे) व अल्प प्रमाणात जंतुनाशके असतात. (२) तेलाधारित पंक : यात प्रथम डीझेल तेल वापरीत, नंतर ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने कमी असलेली खनिज तेले वापरात आली. (३) संश्लेषित द्रवांवर आधारित पंक : १९९० नंतर प्रचारात आलेल्या या प्रकारात एस्टरे, ऑलेफिने यांसारखी कृत्रिम रीत्या तयार केलेली द्रव संयुगे असतात. तिरप्या व खोल विहिरींत आणि पाण्याने फुगणाऱ्या शेलसारख्या खडकांत जलाधारित पंक अडचणीचा ठरतो. म्हणून दुसरे दोन प्रकार वापरणे भाग पडते.

बराइट हे पंकाला जडपणा आणणारे खनिज असून त्याची घनता पाण्याच्या सु. ४·२ ते ४·५ पट असते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्यामुळे ते जवळजवळ अविद्राव्य (न विरघळणारे) असते आणि त्यातील बेरियम सहजासहजी प्राण्यांच्या शरीरात जात नाही. याच अविद्राव्यतेमुळे गाळातील बेरियमाचे प्रमाण मोजून अपशिष्टे किती दूरवर पसरली आहेत, हे ठरविता येते. तथापि नैसर्गिक बराइटात अन्य खनिजांच्या स्वरूपात पारा, कॅडमियम, शिसे, जस्त इ. धातू अशुद्धी म्हणून असतात व त्यांचे प्रमाण खाणीनुसार बदलते. त्यामुळे बराइट कोणत्या निक्षेपातील (साठ्यातील) आहे, याला महत्त्व येते.

अपशिष्टांचा समुद्रातील प्रवास : मंचावरून सोडलेल्या पंकाचे पाण्यात दोन भाग होतात. घन पदार्थांपैकी सु. ९०% भाग जड लोटाच्या रूपाने त्वरेने खाली जातो व मंचाच्या आसपास तळावर बसतो. उरलेले सु. १०% सूक्ष्म कण वरच्या थरात ढगाप्रमाणे पसरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. या ढगाचे विरलीकरण शीघ्र होते. सु. १०० मी. अंतरावर पोहोचेपर्यंत त्याची संहती (दिलेल्या घनफळातील पदार्थाचे प्रमाण) सामान्यतः हजारपटीने घटते. म्हणून खुल्या समुद्रातील प्लवक-प्राण्यांना (पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या प्राण्यांना) तीव्र संहतीत राहण्याचा प्रसंग बहुधा काही मिनिटांपुरताच येतो. तळावरील प्राण्यांची स्थिती याच्या उलट असते. त्यांच्या निवाऱ्यावर साचलेला थर महिनोन्महिने, काही ठिकाणी दशकानुदशके तेथेच राहतो.

तळाची खोली, प्रवाहांचा वेग व पंकाचा प्रकार यांवर थराचे स्वरूप अवलंबून असते. उथळ व वादळी समुद्रात लाटा आणि प्रवाह गाळ ढवळून चुरा दूरवर पसरवितात. खोल व शांत पाण्यात तो ढिगाच्या रूपाने साचतो. तेलाने माखलेले कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात व ते सरळ खाली जातात. त्यामुळे तेलाधारित पंकाचा चुरा जलाधारित पंकाच्या चुऱ्यापेक्षा मंचाच्या अधिक निकट व अधिक जाड थरात साचतो.

बाधित होणारे प्राणी : पाण्याच्या थरात कोपेपॉड, मायसिड, ॲसिटीससारखे लहान झिंगे, तसेच मासे, खेकडे व शिंपाधारी मृदुकाय प्राणी यांची अंडी व डिंभ आढळतात. तळावरील प्राण्यांचे आकारमानानुसार गट पाडतात. सु. ०·०६ ते ०·५ मिमी. आकारमानाच्या मध्यम-सूक्ष्म प्राण्यांत मुख्यत्वे सूत्रकृमी (नेमॅटोड) आणि हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड येतात. त्यांहून मोठ्या प्राण्यांत पॉलिकीट कृमी, अँफिपॉड, लहान शिंपले, भंगुरतारे (ॲम्फियुरासारखे कंटकचर्मी प्राणी) व सागरी अर्चिनांची पिले यांचा समावेश होतो.

या गटांची संवेदनक्षमता सारखी नसते. कवचधारी प्राण्यांत, विशेषतः अँफिपॉड व हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड यांच्यात, ती फार असते. कंटकचर्मी प्राणीही हायड्रोकार्बनांना लवकर बळी पडतात. याउलट सूत्रकृमी व कॅपिटेला कॅपिटाटा यासारखे काही पॉलिकीट कृमी दूषित गाळात केवळ तग धरतात एवढेच नव्हे, तर प्रतिस्पर्धी नाहीसे झाल्यामुळे त्यांची संख्या बेसुमार वाढते. म्हणून एखाद्या ठिकाणी प्राण्यांची एकूण संख्या मोठी आहे, एवढ्यावरून तो तळ निरोगी आहे असे म्हणता येत नाही. जाती किती आहेत व कोणत्या आहेत, हे पाहावे लागते. एकाच जातीतही वय व अवस्था यांनुसार फरक पडतो. कवचधारी प्राणी कात टाकीत असताना त्यांचे नवे कवच मऊ व पार्य (पदार्थ आत शिरू देणारे) असते. त्या काळात ते अधिक संवेदनक्षम असल्याचे गवती झिंग्यावरील (पॅलेमोनेटीस पुजिओ) प्रयोगांत दिसून आले आहे.

हानीच्या यंत्रणा : वेधन-अपशिष्टांमुळे होणारी हानी रासायनिक, भौतिक व ऑक्सिजनाच्या न्यूनतेमुळे होणारी अशा तीन प्रकारांची असते. प्रत्यक्षात हे तिन्ही प्रकार एकत्रच आढळतात.

रासायनिक परिणामांत हायड्रोकार्बनांचा वाटा प्रमुख आहे. डीझेलातील नॅप्थॅलिनासारखी ॲरोमॅटिक संयुगे प्राण्याच्या कोशिकांच्या (पेशींच्या) पटलांतील मेदद्रव्यात विरघळतात व त्यांचे कार्य बिघडवितात. परिणामी प्राण्याला गुंगी येते, तो पोहणे व अन्न घेणे थांबवितो आणि मात्रा अधिक असल्यास मरतो. १९७० ते १९९० या काळात अमेरिकेत तपासलेल्या जलाधारित पंकांपैकी जे विशेष विषारी ठरले, त्यांच्यात वंगण म्हणून किंवा अडकलेले नळ सोडविण्यासाठी डीझेल मिसळलेले असल्याचे आढळून आले. क्रोमियमयुक्त लिग्नोसल्फोनेटे आणि जंतुनाशके हीही विषाक्ततेची कारणे होती. बराइटातील धातू मात्र खनिजाच्या स्फटिकात बद्ध असल्याने त्यांचा अल्पांशच प्राण्यांना उपलब्ध होतो.

भौतिक परिणाम विषारी नसलेल्या पदार्थांमुळेही होतात. चुऱ्याच्या थराखाली गाडले गेल्याने बैठे प्राणी गुदमरतात; गाळाच्या कणांचे आकारमान बदलल्यामुळे डिंभांना वस्तीसाठी योग्य जागा मिळत नाही; तरंगणारे सूक्ष्म कण क्लोमांवर (कल्ल्यांवर) व अन्न गाळून घेणाऱ्या अवयवांवर साचतात. अनेक जातींवरील प्रयोगांच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार सु. ६·५ मिमी. जाडीचा थर अचानक साचल्यास ५% जाती बाधित होऊ शकतात. पाण्यात पुष्कळ वेळ तरंगणारा बराइटही निरुपद्रवी नसतो. बराइट गिळलेल्या झिंग्यांच्या मध्यांत्राच्या आतील अस्तराला इजा झाल्याचे प्रयोगात आढळले आहे.

तिसरा परिणाम अप्रत्यक्ष असतो. गाळातील सूक्ष्मजंतू तेल, एस्टरे वा ग्लायकॉले यांचे विघटन करताना ऑक्सिजन वापरतात. गाळातील ऑक्सिजन संपल्यावर सल्फेटाचे क्षपण करणारे सूक्ष्मजंतू वाढतात व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. गाळ काळा पडतो व त्यात बिळे करून राहणारे प्राणी मरतात किंवा पृष्ठभागावर येऊन माशांना सहज सापडतात. संश्लेषित एस्टरांचे बाबतीत येथे एक विरोध दिसून येतो. ती सहज विघटन पावतात हा त्यांचा गुण मानला जातो. पण विघटन जितके शीघ्र तितकी ऑक्सिजनाची मागणीही तीव्र होते. पहिल्या काही महिन्यांतील हानी त्यामुळे अधिक आणि नंतरची भरपाई मात्र लवकर असे घडते.

विषाक्ततेचे मापन : ठराविक काळात प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या संहतीत मरतात तिला मध्यक मारक संहती म्हणतात. ही संख्या जितकी लहान तितका पदार्थ अधिक विषारी असतो. अमेरिकेतील प्रमाणित पद्धतीत ३ ते ६ दिवस वयाचे मायसिड (अमेरिकामायसिस बाहिया, पूर्वीचे नाव मायसिडॉप्सिस बाहिया) वापरतात. हा झिंग्यासारखा दिसणारा, पूर्ण वाढल्यावरही १ सेंमी.हून लहान असणारा कवचधारी प्राणी आहे. पंकाचा १ भाग समुद्राच्या पाण्याच्या ९ भागांत मिसळून मिश्रण तासभर स्थिर ठेवतात. वर राहणाऱ्या गढूळ भागाचे निरनिराळ्या प्रमाणांत विरलन करून त्यात मायसिड ९६ तास ठेवतात. या गढूळ भागाचे प्रमाण ३% (म्हणजे दशलक्ष भागांत ३०,००० भाग) किंवा त्याहून अधिक असल्याशिवाय निम्मे प्राणी मरत नसतील, तरच तो पंक समुद्रात सोडण्यास योग्य ठरतो. बहुसंख्य जलाधारित पंक ही कसोटी सहज उतरतात. दशलक्ष भागांत १०,००० भागांहून अधिक मारक संहती असलेल्या पदार्थांना जुन्या वर्गीकरणात ‘व्यवहारतः निर्विष’ म्हणत.

या चाचणीच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. चार दिवसांत न मरणे म्हणजे बाधा न होणे नव्हे. वाढ खुंटणे, अंडी कमी होणे, डिंभांचे रूपांतरण लांबणे यांसारखे परिणाम तीत दिसत नाहीत. तसेच तळाशी बसणारे जड कण मिश्रणातून वगळले जातात. प्रत्यक्ष समुद्रात तर तेच कण तळावरील प्राण्यांच्या वाट्याला येतात. ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेत २००१ च्या नियमांनी संश्लेषित द्रवांसाठी गाळातील चाचणी लागू केली. तीत लेप्टोकिरस प्लुम्युलोसस हा गाळात राहणारा अँफिपॉड वापरतात. आधारभूत द्रवाची चाचणी १० दिवस व प्रत्यक्ष सोडावयाच्या पंकाची ४ दिवस घेतात. ईशान्य अटलांटिकच्या देशांत रसायनांची परीक्षा स्केलेटोनेमा हे शैवल, अकार्शिया टोन्सा हा कोपेपॉड व कोरोफियम व्होल्युटेटर हा अँफिपॉड अशा निरनिराळ्या स्तरांवरील जीवांवर करतात. एकच जीव सर्व जीवसमूहाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

दीर्घकालिक परिणामांचे उत्तम उदाहरण कॅनडातील बेडफर्ड समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सागरी स्कॅलप (प्लॅकोपेक्टेन मॅगेलॅनिकस) या शिंपाधारी प्राण्यावर केलेल्या प्रयोगांतून मिळते. या प्राण्याची जॉर्जेस बँक हे उथळ सागरी क्षेत्र समृद्ध भूमी आहे. पाण्यात तरंगणारे बेंटोनाइट व बराइट दर लिटरमागे काही मिग्रॅ. इतक्या अल्प प्रमाणात दीर्घकाळ असल्यास प्राणी मरत नाहीत, पण त्यांचे अन्नग्रहण घटते व ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) वाढ थांबते, असे १९९० नंतरच्या दशकातील या प्रयोगांत दिसून आले. जे पदार्थ ९६ तासांच्या चाचणीत निर्विष ठरले असते, तेच येथे मत्स्यव्यवसायाला बाधक ठरू शकतात. कॅनडाने आपल्या बाजूच्या जॉर्जेस बँकेत १९८८ पासून वेधनास स्थगिती दिलेली आहे.

क्षेत्रीय निरीक्षणे : प्रयोगशाळेतील निष्कर्षांची खरी परीक्षा समुद्रात होते. या दृष्टीने उत्तर समुद्राचा अभ्यास सर्वांत विस्तृत आहे. नॉर्वेच्या खंड-फळीवरील एकोफिस्क, एल्डफिस्क इ. तेलक्षेत्रांभोवती निरनिराळ्या अंतरांवरील गाळाचे नमुने अनेक वर्षे घेण्यात आले. जातींची विविधता दर्शविणारे साधे निर्देशांक वापरले असता बाधा मंचाच्या निकटच्या भागापुरतीच दिसे. परंतु जॉन ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये बहुचल सांख्यिकीय पद्धतींनी सर्व जातींच्या संख्यांचा एकत्रित विचार केला, तेव्हा प्राणिसमूहातील बदल सु. ३ किमी. अंतरापर्यंत ओळखता आले. एफ्. ओल्सगार्ड व ग्रे यांच्या १९९५ च्या विस्तृत विश्लेषणानुसार ६ ते ९ वर्षांनंतर २ ते ६ किमी. अंतरावरील बहुतेक सर्व बाह्य स्थानकांवरही प्रदूषणाच्या खुणा पोहोचल्या होत्या आणि काही क्षेत्रांत बाधित प्रदेश १०० चौ. किमी.हून अधिक होता. संवेदनक्षम भंगुरतारे व लहान कवचधारी प्राणी आधी कमी झाले, तर संधिसाधू पॉलिकीट वाढले. नेदर्लंड्सच्या क्षेत्रात एकायनोकार्डियम कॉर्डेटम या हृदयाकार अर्चिनाची घट ही तेलाधारित चुऱ्याच्या बाधेची सूचक ठरली.

मेक्सिकोच्या आखातातील जुन्या उत्पादन-मंचांभोवती १९९० नंतर केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. तेथे मुख्यत्वे जलाधारित पंक वापरला गेला होता. अँफिपॉड व हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड यांची घट आणि सूत्रकृमी व निक्षेपभक्षी पॉलिकीट यांची वाढ मंचापासून सु. १०० मी. पर्यंतच स्पष्ट होती. संश्लेषित द्रवांच्या चुऱ्याची बाधाही बहुतांशी काहीशे मीटरांच्या आत राहते व काही वर्षांत तळ पूर्ववत होऊ लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही जलाधारित पंकाचे परिणाम स्थानिक व मर्यादित असल्याचे म्हटले होते. तथापि हिल्डे ट्रानुम व त्यांचे सहकारी यांनी नॉर्वेत केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ३ ते २४ मिमी. जाडीचा जलाधारित चुऱ्याचा थर दिल्यावर जातींची संख्या, प्राण्यांची संख्या व जैव वस्तुमान ही घटली. तेवढ्याच जाडीच्या नैसर्गिक गाळाने तसे झाले नाही. म्हणजेच हानीचे कारण केवळ गाडले जाणे नसून चुऱ्याबरोबर आलेल्या जैव पदार्थांमुळे ओढवलेली ऑक्सिजनाची न्यूनता हेही होते.

जुने ढीग : उत्तर समुद्राच्या मध्य व उत्तर भागांत तेलाधारित पंकाच्या काळातील चुऱ्याचे ढीग मंचांच्या पायथ्याशी अद्याप आहेत. त्यांच्या आतील भागात ऑक्सिजन पोहोचत नसल्याने तेलाचे विघटन अतिशय मंद असते. बाहेरच्या पातळ थरातच जीवन आढळते. मंचांचे आयुष्य संपून ते काढण्याची वेळ आल्यावर या ढिगांचे काय करावे, असा प्रश्न उभा राहतो. ढीग उपसल्यास आत दडलेले तेल पुन्हा पाण्यात मिसळते व आजूबाजूच्या सावरू लागलेल्या तळाला नवी बाधा होते. तसेच सोडल्यास ते दीर्घकाळ झिरपत राहते. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या ओस्पार आयोगाने २००६ मध्ये यासाठी दोन कसोट्या ठरविल्या. ढिगातून वर्षाला १० टनांहून अधिक तेल पाण्यात जात असेल किंवा बाधित क्षेत्र व बाधेचा काळ यांचा गुणाकार ५०० चौ. किमी.-वर्षे यांहून अधिक असेल, तर उपाययोजनेचा विशेष अभ्यास करावा लागतो. अन्यथा ढीग नैसर्गिक विघटनासाठी तसाच ठेवता येतो.

नियमन : समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९७२ च्या लंडन करारातून समुद्रतळावरील खनिजांच्या शोधात व उत्पादनात प्रत्यक्ष निर्माण होणारी अपशिष्टे वगळलेली आहेत. त्यामुळे वेधन-अपशिष्टांचे नियमन प्रादेशिक करार व राष्ट्रीय कायदे यांनीच होते. नॉर्वेने १९९३ पासून १ टक्क्याहून अधिक तेल असलेला चुरा समुद्रात टाकण्यास मनाई केली. ओस्पार आयोगाच्या २००० सालच्या निर्णयाने ही मर्यादा (कोरड्या चुऱ्याच्या वजनाच्या १%) सदस्य देशांच्या सर्व क्षेत्राला लागू झाली. अमेरिकेत १९९३ च्या नियमांनी डीझेलयुक्त पंक व चुरा सोडण्यास बंदी घातली, बराइटातील पाऱ्याची मर्यादा दर किग्रॅ.ला १ मिग्रॅ. व कॅडमियमाची ३ मिग्रॅ. ठरविली. तेलाधारित पंकाला बंदी आल्यावर त्याचा चुरा किनाऱ्यावर आणून उष्णतेने तेल वेगळे करणे किंवा दळून तो खास विहिरींतून खोल खडकांत दाबून भरणे हे पर्याय पुढे आले. या पर्यायांना इंधन, जमीन व पैसा लागतो; म्हणून कोणता पंक कोठे वापरावा याचा निर्णय विहीर खणण्यापूर्वीच घेणे श्रेयस्कर ठरते.

भारत : भारतातील अपतट (किनाऱ्यापलीकडील) वेधनाचे सर्वांत मोठे क्षेत्र मुंबई हाय हे होय. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावरील या क्षेत्रात ‘सागर सम्राट’ या वेधन-नौकेच्या साहाय्याने त्या वेळच्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाला १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखाली केंद्र शासनाने ऑगस्ट २००५ मध्ये वेधन-अपशिष्टांसंबंधी मार्गदर्शक नियम काढले. त्यांनुसार डीझेलाधारित पंक वापरण्यास बंदी असून जलाधारित पंकाला प्राधान्य आहे. अपरिहार्य असल्यास १ टक्क्याहून कमी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असलेला कमी विषारी तेलाधारित किंवा संश्लेषित पंक वापरता येतो. मात्र तेलाधारित पंकाचा चुरा समुद्रात सोडता येत नाही आणि तेलयुक्त थरातून आलेल्या चुऱ्यातील तेलाचे प्रमाण दर किग्रॅ.ला १० ग्रॅ.हून अधिक असता कामा नये. किनाऱ्यापासून ५ किमी.च्या आत चुरा सोडताना सागरी परिसंस्थेवर व किनाऱ्यावर विपरीत परिणाम होणार नाही, याची खात्री करावी लागते. रसायनांची ९६ तासांची मारक संहती ३०,००० मिग्रॅ. प्रति लिटरहून अधिक असली पाहिजे. ही चाचणी मायसिडवर किंवा स्थानिक संवेदनक्षम सागरी जातीवर घेता येते.

स्थानिक जातींचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. ज्या जातींवर जगभराच्या कसोट्या आधारलेल्या आहेत त्यांपैकी बहुतेक समशीतोष्ण समुद्रांतील किंवा अमेरिकेच्या किनाऱ्यावरील आहेत. अरबी समुद्राचे पाणी उबदार असते व तापमानाबरोबर प्राण्यांचा श्वसनवेग वाढतो. त्यातच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उत्तरार्धात खोलवरील ऑक्सिजनन्यून पाणी भारताच्या पश्चिम खंड-फळीवर चढते आणि तळावरील प्राण्यांना दर वर्षी काही काळ ऑक्सिजनाची टंचाई सोसावी लागते. अशा तळावर विघटनशील पदार्थांचा भार पडल्यास परिणाम अधिक तीव्र होण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. महाराष्ट्र व गुजरात यांच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत सापडणारा जवळा (ॲसिटीस) हा मायसिडांसारखाच लहान कवचधारी असून बोंबील व इतर अनेक मासे त्यावर पोसले जातात. जवळा उथळ किनारी पाण्यात राहतो, मुंबई हायच्या मंचांजवळ नव्हे. त्यामुळे तेथील अपशिष्टांचा त्याच्याशी थेट संबंध जोडता येत नाही. परंतु लहान कवचधारी प्राण्यांवर मत्स्यव्यवसाय कसा अवलंबून असतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे. वेधन किनाऱ्याच्या जवळ येत गेल्यास अशा जातींवरील चाचण्यांना व वेधनापूर्वी केलेल्या तळाच्या पाहणीला विशेष महत्त्व प्राप्त होते. कारण पूर्वीची स्थिती नोंदलेली नसल्यास नंतर झालेला बदल सिद्ध करणे अवघड जाते.